परबांचे भाडेकरू

शुभांगी परबला हळू बोलता येत नाही, हे मुंबईत, चारकोपच्या तिच्या सेक्टरात लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून ती खालच्या भाजीवाल्याला "मेथी ताजी आहे का रे?" असं विचारायची आणि समोरच्या बिल्डिंगमधली कुणीतरी बाई "ताजी आहे गं, मी आत्ताच घेतली," असं परस्पर सांगून टाकायची. फोनवर बोलायला लागली की मुळात फोन कशाला लावलाय, असा प्रश्न पडायचा. "आमच्याकडे मालवणात घरं लांब लांब असतात," असं ती म्हणायची. "हाक मारली तर पोचायला नको?" मालवण तिनं मे महिन्याच्या सुट्टीपुरतंच पाहिलेलं. वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर कुटुंब चारकोपला आलं. म्हणजे बाई सगळी इथलीच, फक्त आवाज गावाहून आणलेला.

नाटकात मात्र हाच आवाज तिच्या कामाला आला. मी तेव्हा व्यावसायिक नाटकांच्या पार्श्वसंगीताला बसायचो, म्हणजे विंगेत बसून ठरल्या जागी बटणं दाबायचो. बोरिवलीच्या थिएटरात आमचा रविवारचा प्रयोग असला की निघताना मी तिला माझ्या गाडीतून चारकोपला सोडत असे. गाडीच्या काचा तेव्हापासून नीट लागत नाहीत, त्याला तीच जबाबदार आहे असं माझं मत आहे. बरीच वर्षं तिनं नर्स, शेजारीण, मोलकरीण अशी कामं केली. "माझ्या करिअरची सुरुवात पाण्याच्या ट्रेपासून झाली," ती म्हणायची, "आणि अजून ट्रे खाली ठेवायला कोणी सांगत नाही." मग एक दिवस निर्माते भाऊंनी ट्रे खाली ठेवायला सांगितलं. नवीन कौटुंबिक नाटक, त्यात सुनेची मुख्य भूमिका. पहिल्या अंकाच्या शेवटी ही सून सासूला ठणकावते, "मी या घरात पाहुणी नाही. हे घर माझंही आहे." शुभांगी ते वाक्य असं काही म्हणायची की शेवटच्या रांगेतला झोपलेला माणूस उठून बसायचा. नाटक त्या एका वाक्यावर चाललं म्हटलं तरी चालेल.

आणि मग अमेरिकेचा दौरा आला. दीड-दोन महिने, दर शनिवार-रविवारी नवं शहर, तिथल्या मराठी मंडळींच्या घरी मुक्काम.

शुभांगीची मुलगी मनू तेव्हा पाच वर्षांची होती. नवरा सुधीर वीज कंपनीत शिफ्टमध्ये, सासूबाई गावी, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. सगळ्यांनी तिला समजावलं, की बाई, या वेळचा दौरा सोड, पोर लहान आहे. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि हे ती क्वचितच करायची. मग भाऊंसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, मी एक तर पोरीला घेऊन जाईन, नाहीतर जाणार नाही. आणि मी जाणार आहे."

भाऊ माणूस वाईट नव्हे, पण धंद्याला पक्का. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिचं तिकीट तू काढ. आणि एक लक्षात ठेव शुभांगी, मुलीमुळे एक जरी प्रयोग बिघडला, तर पुढच्या शहरापासून तुझं काम दुसरी करेल. पाठांतर करून ठेवायला सांगतोय मी एकीला."

"सांगा," शुभांगी म्हणाली. "बिचारीचं पाठांतर फुकट जाईल."

बाहेर आल्यावर मात्र जिन्यातच बसली. "वाट लागली रे," मला म्हणाली. "मनू नव्या घरात झोपत नाही. माझ्या माहेरीसुद्धा झोपत नाही, आणि माहेर चारकोपलाच आहे."

या पोरीचं अडायचं ते घरापाशी. रडकी नव्हती, हट्टीही नव्हती. पण आपलं घर कुठे आहे हे तिला रोज पक्कं लागायचं. त्यावर शुभांगीनं जो तोडगा काढला तो तिलाच सुचू शकतो. त्यांच्या दारावर निळ्या ॲक्रिलिकची पाटी होती, पांढऱ्या अक्षरांत 'परब'. गिरणीनंतर तिचे वडील चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाट्या करणाऱ्या एका कारखान्यात लागले होते, तिथे उरलेल्या तुकड्यातून त्यांनी लेकीच्या घरासाठी ती केली होती. त्यातला 'ब' जरा खाली घसरलेला. निघायच्या दिवशी शुभांगीनं ती पाटी खिळ्यावरून काढली आणि मनूच्या सॅकमध्ये घातली. "ही आता तुझी जबाबदारी. जिथे ही लागेल ते आपलं घर. कळलं?"

"तिकडे चारकोप असतं?" मनूनं विचारलं.

"पाटी लावली की असतं."

त्या दिवसापासून हे तिचं पालुपदच झालं. विमानतळावर, परक्या जेवणघरात, कुणाच्या तरी तळघरातल्या गालिच्यावर मनूनं विचारलं की ही शांतपणे सांगायची, "हे पण चारकोपच." अर्थात तिच्या मानानं शांतपणे. आजूबाजूचे वळून बघायचेच.

पहिला मुक्काम न्यू जर्सीत एका सद्गृहस्थांकडे. घरात त्यांचे वडील, आप्पा, पुण्याहून उन्हाळ्यापुरते आलेले. आप्पा पहाटे उठले, बाथरूमकडे निघाले, तर वाटेतल्या खोलीवर 'परब' अशी पाटी. काल रात्री नव्हती. पाहुण्यांबद्दल कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. आप्पांनी चष्मा लावून पाटी पुन्हा वाचली. माणूस पुण्याचा, दार वाजवून रीतसर विचारलं, "परब आहेत का?"

आतून मनूचा आवाज आला, "बाबा ड्युटीला गेलेत. उद्या या."

आप्पा मागे फिरले आणि मुलगा उठेपर्यंत दिवाणखान्यात बसून राहिले. मुलाला त्यांनी एवढंच विचारलं, की अरे, अर्धं घर विकलंस का, आणि विकलंस तर बाथरूम नेमकं कोणाच्या वाट्याला गेलं.

शुभांगीची पोर सांभाळायची रीतही तिच्यासारखीच. तालीम आणि वेणीफणी ती एकत्रच उरकायची. मनूला पुढ्यात घेऊन बसायची, कंगवा फिरवत वाक्यं म्हणायची. पहिला अंक संपेपर्यंत एक वेणी, दुसऱ्यात दुसरी. मध्ये वाक्य अडलं की वेणीही अडायची, मग मनूच पुढचं वाक्य सांगून सुटका करून घ्यायची. नाटक आमच्यापैकी कोणाला चोख पाठ असेल तर ते मनूला. विमानतळावरच्या तपासणीला साहेबानं भुवया आकसून शुभांगीला काहीतरी विचारलं, तिला इंग्रजी सुचेना, तेव्हा मनूनं कपाळाला हात लावून दुसऱ्या अंकातलं "या घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही" हे सासूचं वाक्य म्हणून टाकलं. साहेबाला अक्षर कळलं नाही, पण तो हसला आणि शिक्का मारला.

इकडे चारकोपला सुधीरची वेगळीच गंमत सुरू होती. दारावर पाटी नाही म्हटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी नाडकर्णी यांच्या मनात शंका आली. शंका येणं हा नाडकर्ण्यांचा पूर्ण वेळचा उद्योग होता. बायको-मुलगी दिसत नाहीत, पाटी उतरवली, गडी अवेळी येतो-जातो. म्हणजे परबांनी फ्लॅट गुपचूप भाड्यानं दिला, तोही कमिटीला न विचारता. त्यांनी दार वाजवलं. सुधीर रात्रपाळी करून झोपलेला, बनियनवर बाहेर आला.

"तुम्ही कोण?" नाडकर्ण्यांनी विचारलं. गेली आठ वर्षं ते सुधीरला ओळखत होते.

"परब."

"पाटी कुठाय?"

"अमेरिकेला गेलीय."

हे खरं उत्तर ऐकून नाडकर्ण्यांची खात्रीच पटली. सुधीरनं कंटाळून दारावर खडूनं नाव लिहिलं, तर सोसायटीचा रंग खराब केल्याबद्दल बोलणी खावी लागली. ही सगळी हकिगत तो व्हिडिओ कॉलवर सांगायचा आणि शुभांगी अशी हसायची की यजमानांच्या घरातली सगळी माणसं काय झालं म्हणून गोळा व्हायची. हसून झालं की ती फोन मनूकडे द्यायची आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. एकदा मी पाहिलं, डोळे पुसत होती. "काय नाय रे," म्हणाली. "जिथे असते तिथे अर्धीच असते मी. स्टेजवर असले की पोर आठवते, पोरीपाशी असले की वाक्यं. कधीतरी कुठेतरी आख्खं असावं ना माणसानं."

मग डॅलसचा प्रयोग आला.

त्या दिवशी विमान उशिरा निघालं, उशिरा पोचलं. यजमानांच्या घरी जायला वेळच नव्हता, सामानासकट सगळे थेट हॉलवर. एरवी शुभांगी काम करायची तेव्हा मनू यजमानांच्या घरी, पाटी लावलेल्या खोलीत, तिथल्या एखाद्या काकूंबरोबर असायची. इथे ती सोय राहिली नाही. हॉल एका शाळेचा, मेकअप करायचा तो बाकं मांडलेल्या संगीताच्या वर्गात. त्याचं दार लोखंडी, त्यावर खिळा कुठला. मनू सॅक पोटाशी धरून विचारत होती, "आपलं घर कुठाय?" आणि आई डोळ्यांत काजळ घालता घालता म्हणत होती, "थांब गो बाय, सांगते." तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी "मी बघते तिच्याकडे," असं म्हटलं. नंतर त्या काकूंना वाटलं पोर आईकडे आहे, आणि आईला वाटलं पोर काकूंकडे आहे.

आमच्या नाटकाच्या सेटवर डाव्या बाजूला जिन्यातली थोडी मोकळी जागा होती, मग घराचं दार, आणि उजवीकडे सगळा दिवाणखाना. दार आणि त्यावरची 'प्रधान' ही पाटी एवढंच आम्ही मुंबईहून नेत असू. फर्निचर त्या त्या गावातलं कोणीतरी आपल्या घरून आणून द्यायचं. डॅलसच्या मंडळींनी आणलेला सोफा इतका मोठा होता की तो आत आणायला चार बाप्ये लागले आणि त्याच्यामागे आणखी चार सहज लपले असते.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. नाटकाची सुरुवात अशी, की सून बॅग घेऊन जिना चढून येते, दारावरची पाटी मोठ्यानं वाचते, "प्रधान. हो, हेच घर," आणि बेल वाजवते. शुभांगी आली. दाराशी थांबली. आणि थांबूनच राहिली.

दारावर 'परब' होतं. निळ्या पाटीवर, घसरलेल्या 'ब'सकट. खालच्या चपलांच्या स्टँडवर चढून मनूनं आमची 'प्रधान' उतरवली होती आणि खिळ्यावर स्वतःची अडकवली होती. त्या अख्ख्या इमारतीत लाकडी दार आणि दाराला खिळा असं ते एकच घर तिला सापडलं होतं.

विंगेत माझ्या शेजारी भाऊ उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू आला. भाऊंची अट मला माहीत होती. पहिल्या रांगेतले लोक माना पुढे काढून पाटी वाचत होते. आता 'प्रधान' म्हणावं तर खोटं, गप्प राहावं तर प्रयोग बिघडला.

"परब?" शुभांगी खणखणीत आवाजात म्हणाली. मग बॅग खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून, "म्हणजे प्रधान भाड्यानं राहतात? हे लग्नाच्या बोलणीत कोणी बोललं नाही ते."

हॉल हसून लोटपोट झाला. सासूचं काम करणाऱ्या शैलाताई मुरलेल्या बाई. त्यांनी दार उघडलं, पाटी पाहिली, शुभांगीकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू बोल सूनबाई. घरमालक ऐकतील."

पुन्हा हशा. शुभांगी आत आली, सोफ्याला वळसा घालताना तिची नजर खाली गेली. सोफ्याच्या मागे, घरून आणलेल्या हत्तींच्या चादरीवर, मनू झोपली होती. प्रेक्षकांना दिसत नव्हती. मला विंगेतून तिचे दोन तळपाय दिसत होते.

पुढचा सगळा अंक शुभांगी त्या सोफ्याभोवती खेळली. कोणी मागे जायला निघालं की ती वाट अडवायची. सासरा तावातावानं टेबलावर मूठ आपटणार, तर हिनं टेबलावर उशी ठेवली. बिचारा उशीवर मूठ आपटून गोंधळून उभा राहिला. भाऊंना काहीच कळेना, ते मला विचारत होते, "ही काय करतेय?" मी बटणांकडे बघत राहिलो. आणि अंक सरकत सरकत त्या वाक्यापाशी येत होता. बंदुकीच्या गोळीसारखं सुटणारं वाक्य, आणि त्याच्यावर माझ्या ढोल-ताशांचा दणका. पोर दचकून उठणार, भोकाड पसरणार, आणि उद्या शुभांगीच्या जागी दुसरी. हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं.

शैलाताई म्हणाल्या, "तू या घरात पाहुणी आहेस, विसरू नकोस."

शुभांगीनं एकदा सोफ्याकडे पाहिलं. मग ती शैलाताईंच्या अगदी जवळ गेली आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलली. कुजबुजलीच म्हणा ना. गळ्यापाशी माइक होता म्हणून निदान ऐकू गेलं. "मी या घरात पाहुणी नाही. हे घर माझंही आहे." एकेक शब्द दातांत धरून सोडलेला. सगळा संताप होता, पण आवाज नव्हता. शैलाताईंना एका कानानं कमी ऐकू यायचं, त्या खरोखरच पुढे झुकल्या. त्यांच्याबरोबर सगळा हॉल पुढे झुकला. मी बटणावरचं बोट उचललं आणि तसाच बसून राहिलो. ढोल वाजला नाही. पडदा पडला आणि ज्या टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि इतकी वर्षं बटणं दाबणाऱ्या माणसाच्या अंगावर तो सहज येत नाही.

मध्यंतरात शुभांगीनं मनूला उचलून काकूंच्या ताब्यात दिलं. पोर खांद्यावर मान टाकून पडली होती. भाऊंनी तेव्हा कुठे सगळं पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. इतक्यात मंडळाचे अध्यक्ष डोळे पुसत आत आले. "भाऊसाहेब, ती भाडेकरूंची कल्पना. काय सूचक आहे हो. आम्ही इथे इतकी वर्षं राहतोय, आणि आमच्या मनातलं तुम्ही दारावर लावलंत. आणि ती कुजबुज. भाड्याच्या घरात माणूस भांडतोसुद्धा हळू."

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग धंद्याला पक्का माणूस म्हणाला, "हो. ते मुद्दामच केलंय."

पुढच्या शहरात 'प्रधान' पाटी ट्रंकेतून बाहेर आलीच नाही. ते वाक्य शुभांगी शेवटच्या प्रयोगापर्यंत कुजबुजतच म्हणाली, आणि माझा ढोल कायमचा बंद झाला. चारकोपहून सुधीरचा फोन आला, की नाडकर्णी आता भाडेकरूचं नाव मागतायत. शुभांगी म्हणाली, "प्रधान म्हणून सांग. माणसं चांगली आहेत, फक्त सासू-सुनेचं पटत नाही."

त्यानंतर तिनं पुष्कळ दौरे केले, पुष्कळ बक्षिसं घेतली. लोक तिच्या त्या खालच्या पट्टीबद्दल बोलायला लागले, तरुण मुली तिला विचारायच्या, की ताई, हे कसं सापडलं. ती सांगायची, "सोफ्याच्या मागे." त्या हसायच्या. त्यांना वाटायचं ताई सांगायचं टाळतायत.

मी तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, तिला विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा. तिकडच्या एका विद्यापीठानं वर्षभर अभिनय शिकवायला बोलावलं होतं. मनू आता अकरावीला, उंचीनं आईच्या वर गेलेली. या वेळी ती बरोबर जाणार नव्हती. रविवारची सकाळ, उन्हं वर आलेली, मी तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर शुभांगी बॅगा घेऊन दाराबाहेर उभी. सुधीर खाली रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होता, माझ्या गाडीत सगळ्या बॅगा मावणार नाहीत म्हणून.

"शू," ती मला म्हणाली. "झोपलीय. रात्री उशिरापर्यंत अभ्यास करत होती. उठवत नाही, उगाच रडारड." आणि मग त्याच कुजबुजीत, "यार, मी बरोबर करतेय ना? एक वर्ष म्हणजे थोडं नाही. तेव्हा निदान सॅकमध्ये घालून नेता यायचं सगळं."

मी काही बोलायच्या आत दार उघडलं. मनू उभी होती, केस विस्कटलेले. तिनं आईकडे न बघता दारावरची निळी पाटी खिळ्यावरून काढली आणि आईच्या हँडबॅगेत खोचली.

"मला कशाला गं?" शुभांगी म्हणाली.

"लाव तिकडे. तुला परक्या घरात झोप येत नाही." मग जरा थांबून, "आणि हळू नको बोलूस. मी जागीच असते."

"असते म्हणजे?"

"तेव्हापण जागीच होते. डॅलसला. तू पाटी वाचलीस ना, इतक्या मोठ्यानं, तेव्हाच उठले होते. ते हळू ओरडणं ऐकून मला एवढं हसू आलं, तोंडात चादर कोंबून पडले होते."

शुभांगीच्या हातातली बॅग खाली आली. "मग आई म्हणून हाक का नाही मारलीस?"

"तू कामावर होतीस ना," मनू म्हणाली.

तिला जवळ घेऊन शुभांगी जी रडायला लागली ती तिच्या मूळ आवाजात. मध्येच हसत होती, पुन्हा रडत होती. मी नुसता भिंतीला टेकून उभा होतो, मलाही कुठे बघावं कळत नव्हतं. खालची-वरची दारं उघडली. समोरच्या बाई गॅलरीतून "काय झालं गं?" विचारायला लागल्या. नाडकर्णी काठी टेकत जिना चढून आले. वय झालं होतं, पण नजर तशीच. आधी बॅगा पाहिल्या, मग रिकामा खिळा पाहिला.

"पाटी काढलीत?" ते म्हणाले. "म्हणजे भाड्यानं देताय घर?"

शुभांगीनं डोळे पुसले, बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. अर्ध्या जिन्यातून, आख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं वर ओरडून सांगितलं, "मालकीण आत आहे, नाडकर्णी. तिला विचारा."